श्रावणातली जनुकं

पत्र:
ताई, वय 38. सिन्नरला एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सेटर आहे, म्हणजे टूल लावून मशीन जुळवून देतो. आजोबा प्यायचे, वडील प्यायचे, ते 54व्या वर्षी लिव्हरने गेले. थोरला काका त्याच वाटेवर. मी आठवड्यातून चार-पाच दिवस एक क्वार्टर घेतो. घरात भांडण नाही, कामावर खाडा नाही. मला चढतही नाही, पार्टी संपली की मित्र म्हणतात, तूच गाडी चालव. पण वडिलांच्या वर्षश्राद्धाला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, 'याच्या रक्तातच आहे, याला काय बोलायचं!' ते डोक्यातून जात नाही. इंजिनिअरिंगचा भाचा म्हणतो, मामा, फ्री विल असं काही नसतंच, मेंदू आपल्या आधीच ठरवून मोकळा होतो. आणि नाशिकला एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर आहे, फी 18 हजार. ते म्हणतात, संकल्पशक्तीने 21 दिवसांत डीएनए बदलतो. यातलं खरं कोण? शिफ्ट सुटली की नाक्यावर गाडी आपोआप दुकानाकडे वळते, मी ठरवलेलंही नसतं. दुसरा रस्ता बंधाऱ्यावरून आहे, पण खडी उखडलेली आहे आणि दोन किलोमीटर लांब पडतो. तसं श्रावण मी कडक पाळतो, काही त्रास होत नाही. वडीलही वारीला जायचे तेव्हा थेंब घ्यायचे नाहीत, मात्र पंढरपूरहून आले की त्याच रात्री सुरू. मुलगा आठ वर्षांचा आहे, फ्रीजमधून बर्फाचा ट्रे तोच आणून देतो. त्याच्यातही हे उतरणार का?
— एक सेटर, सिन्नर

नमस्कार सेटरभाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी अडले. 'तसं श्रावण मी कडक पाळतो.' जाता जाता लिहिलंय तुम्ही ते, जणू त्याचा या विषयाशी संबंधच नाही. गटारीला पोटभर होते, आणि दुसऱ्या दिवसापासून पोळ्यापर्यंत बाटलीला हात नाही. मग मला सांगा, तो महिनाभर तुमच्या अंगात दुसऱ्या कुठल्या घराण्याची जनुकं राहायला येतात का?

आत्याबाईंचं आधी घेते, कारण ते तुम्हाला लागलंय. आणि कबूल करते, त्या बोलल्या ते वाईट पण सगळंच खोटं नाही. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा आहे. 1973 साली डेन्मार्कमध्ये एक अभ्यास झाला. दारुड्या वडिलांची किंवा आईची जी मुलं अगदी तान्हेपणी दुसऱ्या घरी दत्तक गेली, ती मोठेपणी काय करतात? म्हणजे रक्त एका घरचं, ताट दुसऱ्या घरचं. अशा 55 तरुणांपैकी 10 जण व्यसनी निघाले. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा 78 दत्तक मुलांपैकी 4. म्हणजे 18 टक्के विरुद्ध 5 टक्के. साधारण साडेतीन पट. आत्याबाई इथेच थांबतील. पण त्याच तक्त्याकडे दुसऱ्या बाजूने बघा, 55 पैकी 45 जण व्यसनी नव्हते. ते तेव्हा तिशीच्या आसपास होते, त्यामुळे पुढे आणखी काही जण वाहवले असतील हे धरून चला, तरी 'याला काय बोलायचं' हे वाक्य या आकड्यांतून निघत नाही.

आता 'मला चढत नाही' हे जे तुम्ही थोड्या फुशारकीनेच लिहिलंय, त्यावर मला जरा बसायचंय. आपल्याकडे याला पचवणं म्हणतात. अमुक पाव्हणा दोन क्वार्टर पचवतो, असं कौतुकानं सांगतात. अमेरिकेत सॅन डिएगोला मार्क शुकिट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने व्यसनी वडिलांच्या विशीतल्या मुलांना मोजूनमापून दारू दिली आणि कुणाला किती चढते ते तपासलं, मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना विशीत कमी चढत होती, तेच पुढे जास्त अडकले. कारण साधं आहे. ज्याचं डोकं दुसऱ्या पेगला गरगरतं तो घरी जाऊन झोपतो. ज्याचं गरगरत नाही तो तिसरा भरतो, चौथा भरतो, आणि टेबलावर शेवटपर्यंत तोच बसलेला असतो. घराण्याकडून तुम्हाला काही आलंच असेल तर ते हे असण्याची शक्यता मोठी आहे. पिण्याची ओढ जन्मतःच आली असं नाही. थांबा म्हणणारी घंटा बारीक वाजते, एवढंच. वारशात एखाद्याला कमी ऐकू येणं येतं, तसं हे. ज्याला कमी ऐकू येतं तो रस्ता ओलांडताना दोनदा बघतो. तुम्ही उलट त्याचा मान घेताय.

आणि लिव्हरला चढणं-न चढणं कळत नाही हो. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ते डोकं ताळ्यावर असलं तरी लिव्हरलाच निस्तरावं लागतं. रक्तातली मात्राही तेवढीच असते, तेव्हा मित्रांना घेऊन गाडी चालवणं आजपासून बंद. याच्यावर चर्चा नाही.

जनुकांचं जोर करणं आणि जनुकांनी ठरवणं यात किती फरक आहे, ते जपानमध्ये फार छान दिसलं. तिथे बऱ्याच लोकांत एक असं जनुक आहे की अर्ध्या ग्लासात चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. निसर्गाने फुकट बसवलेला ब्रेकच. असं जनुक असलेला माणूस व्यसनी होणं अवघड, असं मानत. 1979 साली दवाखान्यात आलेल्या जपानी व्यसनींमध्ये असे लोक 2.5 टक्के होते. 1986 साली 8 टक्के झाले, 1992 साली 13 टक्के. तेरा वर्षांत एखाद्या देशाची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं पिणं. ते इतकं वाढलं की मळमळ सोसून लोक पीत राहिले. जन्मजात ब्रेक असून गाडी खड्ड्यात जाऊ शकते, तर जन्मजात ब्रेक ढिला असून रस्त्यावर राहूही शकते.

आता तुमच्या वडिलांची वारी. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर तुमच्याकडून माणसं निघतात ती जवळजवळ महिनाभर चालतात. दिवसभर ऊन-पाऊस, रात्री शाळेच्या ओसरीवर पथारी. इतक्या कष्टात खरं तर माणसाला घोटभर घ्यावीशी वाटायला हवी. तुमचे वडील थेंब घेत नसत. आणि एसटीने गावी उतरले की त्याच रात्री सुरू. तुम्ही हे त्यांचा दुबळेपणा म्हणून लिहिलंय असं मला वाटलं. मला त्यात दुसरंच दिसतं, कारण याचीच मोठी आवृत्ती अमेरिकेने पाहिली आहे. व्हिएतनामच्या युद्धात 1971च्या सुमारास अमेरिकी सैनिक सर्रास हेरॉइन घेत होते. साधारण पाचात एक जण आपण व्यसनी झालो होतो असं सांगत होता. सरकार घाबरलं, की हे सगळे घरी आले की काय होणार? ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा माग काढला. तिकडे जे व्यसनी झाले होते, त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकलेले अवघे 5 टक्के निघाले. हेरॉइनसारखं हेरॉइन! पण घरी तो तंबू नव्हता, ते सोबती नव्हते, ती भीती आणि तो कंटाळा नव्हता.

त्या सैनिकांचं व्यसन परमुलखात होतं, म्हणून घर त्यांना तारून गेलं. तुमच्या वडिलांचं व्यसन गावातच होतं, आणि वारी संपली की परतायचं तिथेच. गळ्यात माळ, डावी-उजवीकडे दिंडीतली माणसं, पहाटे चारला काकडा, पायाखाली रोज नवा रस्ता. ते सगळं गेलं आणि स्टँडसमोरचं ओळखीचं दुकान आलं. मेंदूत सवय नुसत्या वस्तूची बसत नाही, जागेची बसते, वेळेची बसते, माणसांची बसते. दुकानाची पाटी दिसली की दारू पोटात जायच्या आधीच मेंदूत डोपामिन या रसायनाची हालचाल सुरू होते. तुमची गाडी नाक्यावर 'आपोआप' वळते ती अशी. तुम्ही नवीन सेटर होतात तेव्हा टूल बदलताना प्रत्येक गोष्ट मनात म्हणत असाल, आज हात आपले आपण करतात. मेंदूच्या आतल्या ज्या भागाकडे हे काम गेलंय, त्याच भागाकडे ते वळणही गेलंय. म्हणून नाक्यावर उभं राहून इच्छाशक्ती पणाला लावू नका. तिथे ती हरते. सगळ्यांचीच हरते.

भाच्याचं लवकर आटपते. तो सांगतोय तो प्रयोग बेंजामिन लिबेटचा, 1983 सालचा. मनाला येईल तेव्हा मनगट हलवा, असं लोकांना सांगितलं. हलवायचं मनात आल्याचं त्यांना कळलं ते हालचालीच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधी. पण मेंदूतली तयारीची लहर त्याच्याही आधी, हालचालीच्या अर्ध्या सेकंदाहून थोडी अधिक आधी, सुरू झालेली होती. झालं, फ्री विल मेलं असं लोकांनी जाहीर केलं. लिबेटने स्वतः मात्र म्हटलं होतं की शेवटच्या क्षणी 'नको' म्हणायला जागा उरते. आणि 2012 साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की ती लहर म्हणजे निर्णय असेलच असं नाही, मेंदूतली नेहमीची चढउतार सरासरी काढल्यावर तशी दिसू शकते. वाद चालू आहे, भाच्याला वाचू द्या. पण मनगट हलवणं आणि दारू सोडणं यांची बरोबरी कशी होईल? तुमचा निर्णय अर्ध्या सेकंदाचा नाहीच. गटारीच्या आठवडाभर आधीपासून तुम्हाला माहीत असतं की आता महिनाभर नाही. घरच्यांना माहीत असतं, मित्रांना माहीत असतं, कुणी आग्रह करत नाही. तुमची इच्छा जिथे चालते ती जागा ही.

आता ते 18 हजारवालं शिबिर. माझा धाकटा भाऊ सातपूरला व्हीएमसी मशीनवर होता, त्यामुळे तुमच्या भाषेतच सांगते. डीएनए म्हणजे मेमरीतला प्रोग्राम. तो तुम्ही डोळे मिटून संकल्प केल्याने एडिट होत नाही. 21 दिवसांत नाही आणि 21 वर्षांतही नाही. आईकडून आणि बापाकडून आलेली प्रत्येकी सुमारे 300 कोटी अक्षरं तशीच राहतात. पण पॅनलवर ब्लॉक स्किपचं बटण असतं ना? ज्या ओळीच्या आधी तिरकी रेघ असते, ती ओळ प्रोग्राममध्ये असूनही मशीन ती सोडून पुढे जातं. आपल्या पेशी असंच काहीतरी करतात. डीएनएवर मिथाइलचे बारीक रेणू चिकटतात, निघतात, आणि त्यामुळे काही जनुकं वाचली जातात, काही सोडली जातात. शिबिरवाल्यांनी कुठेतरी हे वाचलं असणार. यातली रेघ बदलते हे खरं, ओळ बदलते हे खोटं. आणि रेघ कुठे मारायची तेही तुम्ही मनाने निवडू शकत नाही. ते बटण पॅनलवर नाही, पेशीच्या आत आहे.

तिथवर पोचायचा रस्ता एकच, शरीराने काहीतरी करणं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला 2014चा एक प्रयोग मला फार आवडतो. 23 तरुण-तरुणींनी तीन महिने, आठवड्याला चारदा, 45 मिनिटं सायकल मारली, पण एकाच पायाने. दुसरा पाय नुसता लटकवलेला. आधी आणि नंतर दोन्ही मांड्यांतला स्नायूचा कण काढून तपासला. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच, आणि 'मी तंदुरुस्त होणार' हा संकल्पही दोन्ही पायांचा एकच. फरक पडला तो सायकल मारणाऱ्या पायात, तिथे डीएनएवरच्या हजारो जागांच्या खुणा बदललेल्या सापडल्या. लटकलेला पाय होता तसाच राहिला. हॉटेलातल्या शिबिरात तुमचे दोन्ही पाय लटकलेले असणार आहेत, भाऊ.

उलटी बाजूही सांगते, नाहीतर मीही शिबिरवालीच व्हायची. सिगारेटने डीएनएवर उमटलेल्या खुणा सोडल्यावर बऱ्याचशा पाच वर्षांत पुसल्या जातात, पण काही 30 वर्षांनीही दिसतात. शरीर विसरतं, पण सगळं नाही.

मेंदूचं तसंच. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना शहरातले सुमारे 25 हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अशा 79 उमेदवारांचे मेंदू सुरुवातीला आणि तीन-चार वर्षांनी तपासले. 39 जण पास झाले. वाटा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग वाढला तो त्यांच्यातच. सुरुवातीला पास आणि नापास होणाऱ्यांच्या मेंदूत तसा फरक नव्हता. पास झालेल्यांनी आठवड्याला जवळजवळ दुप्पट तास घातले होते. त्यांच्यात जन्मतःच काही अनुकूल असेल का? असूही शकेल, संशोधकांनी ती शक्यता मोकळी ठेवली आहे. पण मोपेडवर बसून गल्ल्या पालथ्या घातल्याशिवाय तेही उपयोगाला आलं नसतं.

आणि ते 21 दिवस! 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नाक बदललेल्या माणसाला नवा चेहरा आपला वाटायला निदान 21 दिवस जातात. त्यातलं 'निदान' गळलं, नाक गळलं, आकडा उरला. पुढे लंडनच्याच संशोधकांनी 96 जणांच्या रोजच्या छोट्या सवयी मोजल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, कुणाला 254 लागतील असं दिसलं. मधला आकडा 66 दिवस. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा तुमचा श्रावण, 29-30 दिवसांचा, पुरत का नाही ते कळलं का? आणि दुसरं म्हणजे तुम्ही श्रावणात फक्त थांबता. पोळा झाल्यावर काय करायचं ते ठरलेलं असतं, ते मित्रांनी ठरवलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. यंदा श्रावणातच बंधाऱ्याचा रस्ता सुरू करा. त्या महिन्यात तशीही ओढ कमी असते, तेव्हा पायाला, म्हणजे चाकाला, नवी वाट पडू द्या. दुपारी चारच्या चहाला, डोकं शांत असताना, बायकोला फोन करून सांगा की येताना बंधाऱ्यावरून येतोय, काय आणू? साडेपाचला नाक्यावर स्वतःशी भांडण्यापेक्षा चारला केलेला हा फोन जास्त कामाचा. खिशात तेवढेच पैसे ठेवा. घरी आल्यावर पहिला अर्धा तास हाताला काम हवं, कारण ओढ लाटेसारखी येते आणि बहुतेकदा तेवढ्यात ओसरते. जेवण लवकर घ्या, रिकाम्या पोटी ती जास्त जोर करते. आणि पोळ्यानंतर निदान दसऱ्यापर्यंत तोच रस्ता, म्हणजे साठ दिवस ओलांडतात.

इतर वाचकांसाठी एक ओळ महत्त्वाची: जे रोज पितात, ज्यांचे सकाळी हात थरथरतात, त्यांनी हे वाचून एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर. सेटरभाऊ, तुम्हाला श्रावणात त्रास होत नाही म्हणून तुम्हाला हे सांगता येतंय, पण लिव्हरची तपासणी या महिन्यात करूनच घ्या, वडिलांचं वय लक्षात ठेवून. आणि एवढं सगळं करूनही पोळ्यानंतर गाडी दुकानाकडे वळली, तर ते घराण्यावर ढकलू नका, मदत घ्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा फुकट असतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून हेच काम करतंय. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर मराठीतही बोलतो. 18 हजार कुठेही लागत नाहीत.

राहिला मुलगा. तुमच्या जनुकांचा निम्मा वाटा त्याला आठ वर्षांपूर्वीच मिळाला, त्यात आता काही होण्यासारखं नाही. तुमच्या पिण्याच्या खुणा त्याच्या डीएनएवर उतरल्या असतील का म्हणाल, तर बापाकडून येताना अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. त्याला तुमची बारीक वाजणारी घंटा मिळाली असेल, नसेलही. सोळा-सतराचा झाला की त्याला सरळ सांगा, आपल्या घरात दारू चढत नाही आणि म्हणूनच ती आपल्याला महाग पडते. आजोबांचं सांगा, वारीसकट. पण ते अजून आठ-नऊ वर्षांनी. आत्ता तो संध्याकाळी फ्रीज उघडतो, ट्रे वाकवून बर्फ सुटा करतो, ग्लासात दोन खडे टाकतो आणि तुम्ही शाबास म्हणता. लंडनच्या उमेदवारांनी गल्ल्या अशाच पाठ केल्या. ते काम त्याच्याकडून आज संध्याकाळी काढून घ्या, श्रावणाची वाट न बघता. त्या ट्रेमध्ये हवं तर त्याला सरबताचे खडे करून द्या.

आत्याबाईंना उत्तर द्यायची गरज नाही. मला मात्र एक ओळ पाठवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साडेपाचला गाडी कुठून गेली.

— तुमची ताई